गफ्फारभाई गैरहजर

माझ्या काळ्या कोटाला तीन भोकं आहेत आणि ती कुठं आहेत हे मला सांगता येत नाही. एक कोर्टातल्या बाकाच्या खिळ्यानं पाडलं, एक उंदरानं, आणि एक माझ्या सिगारेटनं. घरी तिसऱ्याचाही आळ मी उंदरावरच घातलेला आहे. तिन्ही गफ्फारभाईंनी भरली, आणि अशी भरली की माझी चोरी कधी उघडकीला यायची नाही.

गफ्फारभाई म्हणजे आमच्या मूर्तिजापूरच्या कापड बाजारातले रफूगर. एका कापड दुकानाच्या ओट्यावर, उत्तरेकडं तोंड करून, चाळीस वर्षं बसलेले. पाटी नाही, मशीन नाही. पत्र्याचा एक डबा, त्यात बारीक सुया, एक कात्री, आणि मांडीवर घ्यायला एक जाड पांढरं फडकं. उत्तरेकडं तोंड अशासाठी की तिकडून येणारा उजेड दिवसभर सारखा राहतो. लग्नाची शेरवानी असो की कोणाच्या आईचा शालू, ते आधी कापड उलटं करायचे, शिवणीच्या आत दडलेल्या भागातून त्याच कापडाचे चार-सहा धागे ओढून काढायचे आणि त्याच धाग्यांनी भोक विणून काढायचे. आधी उभे धागे, मग आडवे. बाहेरचा धागा वापरणं त्यांना हराम. शेवटी ओल्या फडक्यानं दाबून वरून नख फिरवायचे. गिऱ्हाईक आलं की कापड उलगडून समोर धरायचे आणि गप्प बसायचे. गिऱ्हाईक कापड इकडून तिकडून फिरवून बघायचं आणि विचारायचं, "कुठं होतं?"

एवढं विचारलं की गफ्फारभाईंच्या दाढीत हसू दिसायचं. उत्तर मात्र कधी द्यायचे नाहीत. मला हे ठाऊक असल्यामुळं मी कोट हातात घेतल्या घेतल्या, नीट न बघताच, "कुठं होतं?" विचारायचो. मग ते म्हणायचे, "पाहून तं घ्या, वकीलसाहेब!"

हे काम त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं. सत्तारमियाँ त्यांचं नाव. त्याच ओट्यावर बसलेले मला लहानपणचे आठवतात. कडक माणूस. पोराला वर्षभर त्यांनी पोत्याच्या तरटावर रफू करायला लावलं, चांगल्या कापडाला हात लावू दिला नाही. त्यांना जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण गफ्फारभाई वडिलांचं नाव घेताना अजून आवाज खाली आणतात.

मागच्या दिवाळीनंतर गफ्फारभाईंच्या उजव्या डोळ्यापुढं मधोमध एक डाग यायला लागला.

"सुई दिसते," मला म्हणाले, "तिचं भोक नाई दिसत."

त्यांना वाटलं चष्मा बदलायचा झाला. गावात डोळे तपासणीचं शिबिर लागलं होतं तिथं गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट बसवून सांगितलं, की साखरेच्या आजारानं डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आली आहे, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, आणि ते पंधरा दिवसांच्या आत. उशीर झाला तर कडेचं दिसत राहील, पण मधली नजर गेली ती गेली. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य डोळ्यासमोरच्या बोटभर जागेत गेलं, त्याला मधलं सोडून कडेचं दिसून काय करायचं होतं?

पडद्याचे डॉक्टर अकोल्याच्या एका दवाखान्यात नागपूरहून येतात, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. का सांगणार नाही ते पुढं येईलच.

जायच्या आदल्या संध्याकाळी गफ्फारभाई माझ्या घरी आले. घरी त्यांची बायको नसीमबानो गुडघ्यांनी बेजार, मुलगी नगमा अमरावतीला दिलेली, तेव्हा एकटेच जाणार होते.

"तठी कोनी वळखीचं असन तं एक फोन लावून द्या," ते म्हणाले. "म्हंजे इसरनार नाई मले."

मी म्हटलं, लावतो. आणि वर सल्लाही दिला. सल्ला द्यायची आम्हा वकिलांना खोडच असते. म्हटलं, "गफ्फारभाई, तिथं कोणाशी भांडू नका. नंबर लावायचा, शांत बसायचं, पुकारा झाला की उठायचं. बस."

सल्ला त्यांनी शब्दशः पाळला. फोन मात्र मी लावला नाही. मुद्दाम नाही, विसरलो. एवढ्या एका गोष्टीबद्दल मला आजही स्वतःचा संताप येतो.

शनिवारी सकाळच्या पॅसेंजरनं ते अकोल्याला गेले. पुढचं सगळं मला त्यांनी दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

दवाखान्यात काउंटरवर एक मुलगी बसते, आकांक्षा नावाची. तिनं आधार कार्ड घेतलं, कॉम्प्युटरात काहीतरी भरलं, फोन नंबर दोनदा विचारला आणि बसायला सांगितलं. मग शालिकराम आले. हे तिथले जुने कंपाउंडर, डोळ्यात औषध टाकणं आणि नावं पुकारणं ही दोन्ही कामं त्यांच्याकडं. त्यांनी गफ्फारभाईंच्या उजव्या भुवईच्या वर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, म्हणजे कोणता डोळा तपासायचा ते आत कळावं. डोळ्यात थेंब टाकले आणि म्हणाले, "चाचा, डोये मिटून बसा. उघडू नोका. नाव पुकारतो."

सकाळचे दहा वाजले होते. गफ्फारभाईंनी डोळे मिटले.

तीन वेळा थेंब पडले. त्यानंतर कोणी आलं नाही. डोळे मिटलेला माणूस कानानं बघतो. त्यांना चपलांचे आवाज येत होते, आणि मधूनमधून बुटांचे. बूट घालून येणारे औषध कंपन्यांचे लोक, ते थांबत नव्हते, सरळ आत जात होते. कोणीतरी किल्ल्या वाजवत आलं, "साहेबांचे पाहुणे आहोत" म्हणालं, तेही आत गेलं. शेजारची बाई तिच्या नातवाला घेऊन आत जाऊन बाहेर आली आणि घरीसुद्धा गेली.

बाराच्या सुमाराला शालिकरामांनी हाक मारली, "सत्तार! सत्तार अब्दुल! अरे, सत्तार कोन हाय?"

"माह्या अब्बाचं नाव," गफ्फारभाई मला सांगत होते. "मले वाटलं, असन कोनी त्यायच्या नावाचा. मनातल्या मनात दुवा केली. बरं वाटलं, वकीलसाहेब. इतल्या सालानं कोनी अब्बाचं नाव जोरानं घेतलं."

पुन्हा एकदा हाक झाली, मग दुसऱ्या कोणाची झाली. दुपारच्या नमाजची वेळ आली. उठून गेलो आणि तेवढ्यात नंबर आला तर, म्हणून त्यांनी खुर्चीवरच बसल्या बसल्या नमाज पढली. दीड वाजता मात्र राहवेना. डोळे किलकिले करून, भिंतीला हात लावत काउंटरपाशी गेले आणि विचारलं, "बेटी, माहा नंबर?"

"बसा ना काका," आकांक्षा म्हणाली. मान वर केली नाही. "आवाज देतील. सगळ्यांनाच घाई आहे."

ते परत येऊन बसले. आपण उगाच विचारलं असं त्यांना वाटलं. पुन्हा डोळे मिटले.

साडेतीनला डोक्यावरचा पंखा बंद झाला. तेव्हा त्यांनी डोळे उघडले. हॉल रिकामा होता आणि शालिकराम एकेक बटण बंद करत फिरत होते.

"अरे चाचा! तुमी आजून अठीसाच?"

डॉक्टर तीन वाजताच नागपूरला निघाले होते. आकांक्षानं सांगितलं, आता चौथ्या शनिवारी या. गफ्फारभाईंनी "बरं" म्हटलं. थेंबांमुळं उजेड सहन होत नव्हता. स्टेशनपर्यंत डोळ्यांवर रुमाल धरून गेले. गाडीत खिडकीकडं पाठ करून बसले. भुवईवरची चिकटपट्टी नसीमबानोनं घरी गेल्यावर काढली.

"पण तुम्ही जोरात विचारायचं होतं ना!" मी म्हटलं.

"तुमीच सांगतलं होतं ना, भांडू नोका म्हनून," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. खरंच सांगत होते.

मी म्हटलं, पुढच्या वेळी मी येतो. पण चौथ्या शनिवारी अमरावतीला माझा एक पक्षकार अडला, आणि मी पुन्हा त्यांना एकट्यानंच पाठवलं. या खेपेला भानगड वेगळीच. दवाखान्याच्या काचेच्या दारावर एक कागद चिकटवला होता: नागपूरचे डॉक्टर परिषदेला गेले असल्यामुळं आज येणार नाहीत. डोळ्यांच्या दवाखान्याच्या दारावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. गफ्फारभाईंसारखे आठदहा जण त्या कागदासमोरून आत जाऊन बसले होते. अर्ध्या तासानं झाडू मारणाऱ्या बाईनं त्यांना सांगितलं. दोनदा विचारून घेतलेला फोन नंबर कोणी लावला नव्हता.

तेव्हा मात्र मी रागावलो. रागावलो असं म्हणतो, पण खरं सांगायचं तर मला आता राग येऊन येऊन कंटाळा आला आहे. तहसीलमध्ये तेच, बँकेत तेच, आमच्या कोर्टात तर तेच तेच. काउंटरच्या अलीकडचा माणूस वाट बघतो आणि पलीकडचा मान वर करत नाही. तरी पुढच्या दुसऱ्या शनिवारी मी सगळी कामं बाजूला ठेवली आणि गफ्फारभाईंच्या शेजारी पॅसेंजरमध्ये जाऊन बसलो. पंधरा दिवसांची मुदत दिली होती. तोवर महिना उलटून गेला होता.

काउंटरवर गेल्या गेल्या मी वकील असल्याचं सांगून टाकलं. आकांक्षानं पहिल्यांदाच मान वर केली. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, समोर फोन वाजतोय, मागं दोन माणसं फाईल दाखवतायत. मला वाटलं होतं कोणी उर्मट बाई असेल. ती उर्मट नव्हती, नुसती थकलेली होती. त्यामुळं माझी अडचणच झाली.

"ह्यांना दोन तारखा दिल्या होत्या," ती स्क्रीनकडं बघत म्हणाली. "दोन्ही वेळा आलेच नाहीत."

"कोण आले नाहीत?"

तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. दोन तारखा होत्या आणि दोन्हींपुढं लिहिलं होतं, गैरहजर.

मी गफ्फारभाईंकडं बघितलं. त्यांना ते अक्षर वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"नाई, मी तं आल्तो," ते म्हणाले. "दोनी खेपा आल्तो. अठीसाच बसलो होतो." आणि त्यांनी हात करून ती खुर्ची दाखवली, खांबाजवळची.

"दुसऱ्या तारखेला तर तुमचे डॉक्टरच नव्हते!" मी म्हटलं. "आमच्या कोर्टात जज रजेवर असले तर पक्षकाराला गैरहजर धरत नाहीत, ताई."

"ते सिस्टीम आपोआप टाकते, सर. ज्यांची तपासणी झाली नाही त्यांना."

"आणि पहिल्या तारखेला?"

तेवढ्यात शालिकराम आले. भला माणूस, त्यांनाही वाईट वाटलं असावं. "मी आवाज देल्ता, साहेब," म्हणाले. "आईशपथ. दोन खेपा देला. सत्तार, सत्तार म्हनून. कोनी उठलंच नाई."

आता हे समजून घ्यायला आमच्याकडची एक रीत माहीत पाहिजे. आमच्या भागातल्या कितीतरी मुसलमान घरांत आडनाव नसतंच. आपलं नाव, त्यापुढं बापाचं नाव, संपलं. आधार कार्डावर आहे तसं, अब्दुल गफ्फार अब्दुल सत्तार. दवाखान्याच्या कॉम्प्युटरात आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. मुलीनं शेवटचा शब्द आडनावात टाकला, पहिला नावात, आणि मधले दोन गाळले. यादी छापून आली ती आडनाव आधी. सत्तार अब्दुल. खऱ्या माणसाचं नाव त्यात कुठंच राहिलं नाही.

कोर्टात पट्टेवाला दारात उभा राहून पूर्ण नावाचा पुकारा करतो, बापाच्या नावासकट, एकदा नाही तीनदा. आम्ही त्या पुकाऱ्याची नक्कल करून हसतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याची किंमत कळली.

गफ्फारभाईंना हे सगळं उमगायला जरा वेळ लागला. मग ते हळूच म्हणाले, "म्हंजे त्या दिशी मलेच बलावून राहिले होते?"

शालिकरामांनी मान खाली घातली.

"मी आयकलं होतं," गफ्फारभाई म्हणाले. "दोनी खेपा आयकलं."

मला तिथं ओरडावंसं वाटत होतं. पण मागं रांग होती, लोक चुळबुळ करत होते, एका म्हातारीनं "बाप्पा, लवकर करा ना" म्हटलं. मी वकील आहे हे सांगितल्यामुळं आम्हाला अर्ध्या तासात आत घेतलं. ज्यांच्या पुढं आम्हाला घुसवलं त्यांत एक आजोबा होते, डाव्या भुवईवर चिकटपट्टी, डोळे मिटलेले. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

नागपूरचे डॉक्टर तरुण होते, हुशार, भराभर बोलणारे. मशीनवर डोळ्याचा फोटो काढला, तो स्क्रीनवर मोठा केला आणि त्यांची बोलण्याची गती एकदम कमी झाली.

"तुम्ही उशीर केलात, चाचा," ते म्हणाले. "महिन्याभरापूर्वी यायला हवं होतं. तेव्हा बोलावलंही होतं तुम्हाला. आला नाहीत."

मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, हे खरं. मग चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "स्टाफशी बोलतो मी. पण ह्या डोळ्याच्या मधल्या नजरेचं फार काही सांगता येत नाही आता. इंजेक्शन देऊ. आहे ते टिकेल. गेलेलं परत येईल असं वाटत नाही. आणि डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे. तो मात्र वेळेवर सांभाळला पाहिजे. दर महिन्याला दाखवायचं, चुकवायचं नाही."

"चुकवायचं नाही," असं ते गफ्फारभाईंना म्हणाले. गफ्फारभाईंनी मान डोलावली.

इंजेक्शन झालं. परतीच्या गाडीत मी तावातावानं बोलत होतो. नोटीस पाठवतो, ग्राहक मंचात खेचतो, दोन तारखांचं गैरहजर हाच पुरावा आहे, पेपरात देतो. गफ्फारभाई डोळ्यावरच्या पट्टीला हात लावून बसले होते. काटेपूर्णा स्टेशन गेल्यावर बोलले.

"राहू द्या, वकीलसाहेब."

"काहून राहू देऊ? तुमचा डोळा गेला!"

"डावा त्यायच्याच हातात हाय," ते म्हणाले. "दर महिन्याले तठीच जानं हाय मले. नागपूर माह्यानं होत नाई. नोटीस गेली तं ते मले कोन्त्या नजरेनं पाहतीन?"

मी नोटिशीचं बोलणं तिथंच सोडलं. इथंही दवाखान्याचं नाव न घेण्याचं कारण तेवढंच.

"एक काम करा," ते म्हणाले. "माहं नाव तेवढं बरोबर करून द्या तठी."

ते मी केलं. दुसऱ्याच आठवड्यात कामानं अकोल्याला गेलो होतो, मुद्दाम दवाखान्यात शिरलो. आकांक्षानं ओळखलं. म्हणाली, सिस्टीममध्ये आहे तसंच राहील, सर, पण मी फायलीवर लिहून ठेवते. आणि तिनं लाल पेननं, मोठ्या अक्षरात, फायलीच्या वर लिहिलं: गफ्फार. खाली दोन रेघा मारल्या. "सॉरी, सर," असंही म्हणाली. मला बरं वाटलं. निदान एक काम तरी हातून झालं, असं वाटलं.

मधल्या काळात माझ्या कोटाची बाही कोपराला विरली. दुसरीकडं टाकणं मला जमेना. गफ्फारभाई ओट्यावर येऊन बसायला लागले होते, पण काम घेत नव्हते, आलेल्याला परत पाठवत होते. मी कोट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि काही न बोलता निघून आलो. एरवी दोन दिवसांचं काम, त्यांना नऊ दिवस लागले. ओटा ज्यांच्या दुकानाचा ते खुशालराव मला सांगत होते की म्हातारा सुईत धागा ओवायलाच घटकाभर लावतो, मान वाकडी करून डाव्या डोळ्याजवळ सुई नेतो, आणि कोणी मदत करतो म्हटलं की चिडतो. गफ्फारभाई चिडतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

दहाव्या दिवशी गेलो. त्यांनी कोट उलगडून समोर धरला आणि नेहमीसारखे गप्प बसले. कोपरावर रुपयाएवढी जागा उठून दिसत होती. धागे एकमेकांवर चढले होते, एका बाजूला कापड ओढलं गेलं होतं.

मी म्हटलं, "कुठं होतं?"

त्यांनी माझा हात धरला, माझं बोट नेमकं त्या जागेवर टेकवलं आणि म्हणाले, "अठी."

मला रडू आलं. ओट्यावर, भर बाजारात. गफ्फारभाईंनी कोटाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी माझ्या हातात दिली. त्यानंतर त्यांनी सुयांचा डबा घरी नेला.

पुढच्या तारखेला मी बरोबर गेलो. आता आम्हाला सगळं पाठ झालं होतं. काउंटर, खुर्ची, चिकटपट्टी, या खेपेला डाव्या भुवईवर. शालिकरामांनी थेंब टाकले. गफ्फारभाईंनी डोळे मिटले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले, पाय जमिनीवर टेकवून. मी म्हटलं, आरामात बसा, मी आहे ना लक्ष द्यायला. ते हलले नाहीत.

आकांक्षा काउंटरवर नव्हती. ती सोडून गेली होती. तिच्या जागी दुसरी मुलगी होती, तिलाही मान वर करायला वेळ नव्हता. लाल अक्षराची फाईल तिच्यामागच्या कपाटात असावी. शालिकरामांच्या हातात छापील यादी होती आणि सकाळपासून साठसत्तर नावं पुकारून त्यांचा घसा बसला होता. यादीवर बोट ठेवून त्यांनी हाक मारली, "सत्तार! सत्तार अब्दुल!"

मी ताडकन उठलो. "अहो, किती वेळा सांगायचं..."

पण माझ्या आधी गफ्फारभाई उठले होते. डोळे मिटलेले, उजवा हात वर. शाळेत हजेरी घेताना पोरं करतात तसा.

"हाजर हाय," ते म्हणाले, मोठ्यानं. हॉलमधले सगळे वळून बघायला लागले इतक्या मोठ्यानं. "सत्तार हाजर हाय."

आणि भिंतीला हात लावत, चाचपडत, दाराकडं चालायला लागले. मी धरायला गेलो तर त्यांनी हात झटकला, थांबलो तर नंबर जाईल म्हणून.

संध्याकाळी गाडीत मी विचारलंच. म्हटलं, "गफ्फारभाई, ते तुमचं नाव नव्हतं. काहून उठलात?"

बोरगावच्या स्टेशनवर गाडी थांबली होती. त्यांनी रुमालाखालून माझ्याकडं तोंड वळवलं.

"अब्बाचं नाव हाय, परायं थोडीच हाय," म्हणाले. "त्या दिशी याच नावावर उठलो असतो ना, वकीलसाहेब, तं तुमचा कोट बिघडला नसता."